एक्स पार्टे

आमच्या वकीलबाई फार घाईत बोलतात. गेल्या तारखेला जिना उतरता उतरता म्हणाल्या, "काही झालं तरी एक्स पार्टे होऊ देऊ नका." मी शहाण्यासारखी मान डोलावली. कपडे शिवणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार! असेल त्यांच्या कामाचं काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

आज लेकीचा ताबा कुणाकडे, ते ठरणार होतं. पोर पाच वर्षांची, माझ्याशिवाय झोपत नाही. कोर्टाबाहेरच्या बाकावर मी बसले होते. वकीलबाई वरच्या मजल्यावर दुसऱ्या केसमध्ये अडकल्या होत्या.

शिपायानं दारात येऊन कुणाचं तरी नाव तीनदा पुकारलं. कुणी ओ दिली नाही. आतून साहेबांचा आवाज आला, "एक्स पार्टे."

वकीलबाईंचाच शब्द! शेजारच्या आजीबाईंना विचारलं, "म्हणजे काय हो?"

"एकतर्फी, बाळा. तू हजर नसलीस, तर समोरच्याचं तेवढं ऐकतात आणि निकाल देऊन मोकळे होतात."

"मला न विचारता?"

"विचारणार कुणाला? तू नाहीसच ना तिथं!"

तेवढ्यात एक माणूस ओल्या हातांनी धावत आला. "अहो, मी इथंच होतो! तोंड धुवायला गेलो होतो!"

"आता अर्ज करा," शिपाई म्हणाला. तो माणूस मटकन खालीच बसला. मला तहान लागली होती, पण नळापर्यंत जायची छाती होईना.

फोन वाजला. नवऱ्याचा. कधी नव्हे तो आवाजात मध, तोही दबका. "अगं, आपली केस आज नाही. पुढची तारीख पडली. मी दुकानातच आहे. तू निघाली असशील तर माघारी फीर."

मेल्याला माझी एवढी काळजी कधीपासून? तरी क्षणभर हायसं वाटलं, हात पिशवीकडे गेलाही. मग त्या खाली बसलेल्या माणसाकडे नजर गेली.

"बरं, फिरते माघारी," म्हणाले आणि बाक घट्ट धरून बसले.

शिपाई पुन्हा आला. माझंच नाव! तोंड उघडलं, आवाज फुटेना. दुसऱ्यांदा पुकारलं. आजीबाईंनी मला ढकललंच.

"आहे! मी आहे!" मी ओरडतच आत घुसले.

साहेबांसमोर नवरा उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. फोन अजून त्याच्या हातातच होता.