बकुळाकाकींचा डबा

आमच्या आयसोलेशन वॉर्डात आलेलं भांडं परत बाहेर जात नाही. हे मी दारातच ठणकावून सांगते. लोक म्हणतात, कालिंदी सिस्टर म्हणजे तिखट मिरची. म्हणू देत.

हितेंद्र करोनाच्या त्या पहिल्या मार्चमध्ये विमानतळावरून थेट आमच्याकडे आला. इटलीच्या बोटीवर कुक होता. अंगात ताप, स्वॅब पॉझिटिव्ह. मेघना डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या कडक, उपाशीपोटी घेतल्या की ओकारी ठरलेली. लिव्हरवर ताण येतो म्हणून मी त्याचं रक्त काढून लॅबला पाठवायची.

त्याची आई सुभद्रा नायगावच्या चाळीतून गेटवर पेज आणून द्यायची. स्टीलचे डबे तिच्या लग्नातले, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. एकेक करून सगळे खिडकीत येऊन बसले.

एक दिवस त्याने पेज सरकवून ठेवली.

"आईचे डबे संपले, सिस्टर. आता तिला कोण डबा देणार? माझ्यामुळे शेजारच्या बकुळाकाकींनी तिच्या तोंडावर दार लावलं. मी घरी गेलो तर तिला चाळीत राहू देतील का?"

"आधी जेव, मग रड!" मी खेकसले. गॉगलच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

तो जेवला नाही. दोन दिवस गोळी पडली की उलटी. लिव्हरचे आकडे चढले. डॉक्टर म्हणाल्या, "असंच चाललं तर गोळ्या थांबवाव्या लागतील." आणि ताप तर उतरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गेटवरून डबा आला. हितेंद्रने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि उठूनच बसला.

"बकुळा! सिस्टर, हा काकींचा डबा!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईच्या फोनवर काकीच होत्या, आवाज वॉर्डभर. "मेल्या, घाबरलंय मी, म्हणून दार लावलंय. पण डबो माझो आसा. तूच घेवन ये. दुसऱ्या कोणाच्या हातात दिलंस तर याद राख!"

आमच्या वॉर्डात तो 'मेल्या' शब्द कोणी काढत नाही. पोरगं मात्र हसत हसत रडलं, आणि पेज चाटूनपुसून संपवली.

पुढे ताप उतरला, लिव्हरचे आकडे खाली आले, दोन्ही स्वॅब निगेटिव्ह आले. त्याला घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरांच्या परवानगीने तो एकच डबा ब्लीचमध्ये भिजवला, उकळला, पुसला. माझाच नियम, मीच मोडला.

डबा छातीशी धरून हितेंद्र निघाला.

"अरे, थांब!" मी ओरडले. ड्युटी रूममधली चहाची साखर आणली आणि डब्यात सगळी ओतली.

"शेजारणीचा डबा रिकामा परत देतात होय रे? जा आता, काकी वाट बघतायत."