बर्फातली काळी वाट

वेनने बुटाच्या टोकाने बर्फ उकरायला पाय उचलला, पण तिथे बर्फच नव्हता. अंगणाच्या टोकाला असलेल्या बॉयलरपासून थेट तळघरापर्यंत मातीचा ओला, काळा पट्टा पसरला होता. त्यावर कुठे कुठे हिरवं गवतही होतं. दोन्ही बाजूंना गुडघाभर बर्फ.

“काका, तुम्ही घर तापवताय की अख्खं मिशिगन?”

आर्वोने बॉयलरमध्ये आणखी एक ओंडका सारला. लाकडं बाहेर जाळायची आणि तिथलं कढत पाणी जमिनीखालच्या नळ्यांनी घरात न्यायचं, ही सगळी जोडणी त्याने उन्हाळ्यात एकट्याने केली होती. आम्हा फिनलंडच्या लोकांना दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही, असं तो म्हणायचा. नळ्यांभोवती त्याने घरातलेच जुने फोमचे तुकडे गुंडाळले, आणि पहिल्याच पावसात ते पाणी पिऊन बसले. आता बॉयलरजवळ काटा एकशे ऐंशी अंश फॅरनहाइट दाखवायचा, तळघरात एकशे चाळीस. बाकीची ऊब माती खायची.

पुतण्या वेन नळजोडणीच्या धंद्यातला. ट्रकमध्ये जाड वेष्टनाची नवी नळी घालूनच आला होता.

“इथली माती मऊ आहे. आजच खणू.”

दोघं पंप बंद करायला तळघरात उतरले. वर आले तेव्हा आर्वोच्या बायकोची, सायमाची खुर्ची रिकामी होती आणि मागचं दार सताड उघडं.

आर्वो दाराकडे धावला. गेल्या महिन्यात ती सौनातून, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीतून निघाली आणि घराची वाट विसरून झाडीत शिरली. तासाभराने सापडली. पुन्हा असं झालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, असं मुलीने बजावलं होतं. बावन्न वर्षांत तो बायकोशिवाय एक रात्र झोपला नव्हता.

बाहेर बर्फ इतका दाट पडत होता की बॉयलरही दिसेना. आर्वोने हाका मारल्या. त्या कापसात बुडाव्या तशा विरल्या. मग त्या पांढऱ्यातून सायमा हळूहळू येताना दिसली. पायांत नुसते मोजे, हातात मेपलच्या जळणाची ढलपी. काळ्या पट्ट्यावर ती एकेक पाऊल जपून टाकत होती.

“कुठे गेली होतीस गं?”

“कोण जाणे.” ती हसली. “सगळं पांढरं झालं, काही उमगेना. मग पायाला ऊब लागली. म्हटलं, ही आपल्याच घराची.”

आर्वोने तिला आत बसवलं, मोजे काढले, तळवे हातात धरले. ते गरम होते. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

वेन दारात फावडं घेऊन घुटमळत होता.

“मग काका, खणायचं ना?”

“आधी पंप सुरू कर. मग खणू. घरापासून सौनापर्यंत.”

“सौना चुलीवर नाही, नळीच्या पाण्याने तापवणार? आजोबा थडग्यातून उठून बसतील!”

“सौनाला स्वतःची चूल आहे. मला वाट तापवायचीय.” आर्वोने डोळे पुसले. “आणि ती तुझी नवी नळी नको. माझ्याकडे फोमचे तुकडे उरलेत.”