खोपीतली करकर

मित्रांनो, मी बांबूचं एक जुनं दाताळं आहे. जपानच्या समुद्रकाठी, इसोएआजींच्या खोपीत खिळ्याला लटकून माझे दिवस जातात. खरं सांगू? मला फार भीती वाटते आहे.

आजींच्या सासऱ्यांनी धगीवर दात वाकवून मला घडवलं. तेव्हा गाव आणि वाळू यांच्यामध्ये पाइनचं दाट रान होतं. त्याची सुईसारखी वाळकी पानं, म्हणजे सुया, हेच गावाचं सरपण. शंख वाजला की रान उघडायचं; त्याआधी कुणी शिरलं तर त्याचं दाताळं मोडून टाकत. आमच्यावर तशी वेळ कधी आली नाही बरं का! नवी सून इसोए अशी झपाट्याने सुया ओढायची की बाया म्हणायच्या, "अगं, रानाला टक्कल पाडशील!" मेलेली फांदीसुद्धा घरी यायची आणि उन्हाळ्याआधी चुलीत जायची.

मग घरात गॅस आला, चूल मोडली आणि माझी रवानगी खिळ्यावर झाली. रानात सुयांचे थर साचले, झुडपं माजली, पाइन अशक्त झाले. त्यांना भुंगा लागला. झाडं तांबडी पडून मरू लागली. आता कांद्याच्या शेतामागे अकराच उरली आहेत. ती गेली की वाळू शेतावर येणार, मग घरावर.

गेल्या शरदात एक झाड मेलं. झाडं तपासणारा माणूस म्हणाला, "आजी, हे लाकूड जूनच्या आत जाळा हं. आत भुंग्याची पिल्लं असतात."

"मला शिकवतोस होय रे? आमच्या घराने मेलेलं लाकूड रानात कधी ठेवलं नाही!"

आजींनी ते आणून माझ्याखाली नीट रचलं. झालं काम! पूर्वी पुढचं सगळं चूल करायची, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

लगेच करकर सुरू झाली.

"सासूबाई, उंदीर शिरलेत," मित्सुयो म्हणाली. "बघा, केवढा भुसा पाडलाय!"

"मग सापळा लाव की!"

तिने सुकी मासळी लावून सापळा ठेवला. अहो, भुंग्याची पिल्लं मासळी खातात का?

थंडीत करकर थांबली. "गेले मेले एकदाचे!" म्हणत मित्सुयोने सापळा उचलला. माझ्या अंगावर मात्र काटा आला. ती गेली नव्हती. त्यांचं खाऊन झालं होतं.

आज मे महिना सरत आला आहे. सकाळी एका ओंडक्याला पेन्सिलीएवढं वाटोळं भोक पडलं आणि त्यातून दोन लांब मिशा बाहेर आल्या. खिडकी उघडी आहे. आजी समोर शेतात कांदे काढताहेत, आणि मला ओरडता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला येतं ना? मग हाक मारा त्यांना! खिडकी लावा, ओंडके अंगणात ओढा आणि काडी लावा. पेट घेत नसेल तर आधी मला घाला. वाळका बांबू चटकन पेटतो.