दादांचे दोनशे तेरा मेल

दादांचे मेल आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर घ्यायचे हे काम मी श्रावणापासून पुढे ढकलत होते. दिवाळी उरकली तेव्हा माझा नवरा शेखर म्हणाला, "साधना, एकतर ते घे तरी, नाहीतर सोड तरी. तो खोका खोलीतून निघाला की दादांची चाकाची खुर्ची तरी आत वळेल."

दादा म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं टायपिस्ट. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला नाशिकला मेल लिहायला लागले, अगदी ऑफिसच्या पत्रासारखे. वर 'विषय', खाली 'संदर्भ'. विषय: घाऱ्यांचा भोपळा. संदर्भ: तुझा कालचा फोन. मी वाचून हसायचे आणि उत्तर चार ओळींचं द्यायचे, तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. त्यावर त्यांचा मेल यायचा, की तुला मराठी तीसची परीक्षा मी उगाच द्यायला लावली का. मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाची ती टायपिंगची परीक्षा. मी पासही झाले होते, आणि लग्नानंतर एकदाही तो हात चालवला नव्हता.

मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी त्यांना नाशिकला घरी आणलं; मनमाडचं घर आवरताना त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. म्हणजे आवाज येतो, पुष्कळ येतो, पण त्यातून शब्द काही निघत नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. पाटी-पेन्सिल दिली. डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी भिरकावली ती कपाटाखाली गेली, आणि मी ती काढलीही नाही. तेव्हा माझी मुलगी वेदिका तीन महिन्यांची होती. एकीला भरवायचं, दुसऱ्याला भरवायचं, एकीचं ओलं बदलायचं, दुसऱ्याचं ओलं बदलायचं. आठ महिने मी दादांशी बोलते ती अशी: "आ करा. गिळा. झालं, झालं."

म्हणून ते मेल हवे होते मला. त्यांचं बोलणं आता तेवढंच उरलं होतं.

रविवारी गोरक्ष आला. शेखरच्या कंपनीत कॉम्प्युटर बघणारा तो. त्याने मेलचा नवा प्रोग्रॅम टाकला, जुन्यातून सगळं त्यात ओतलं आणि हाक मारली, "ताई, मोजून घ्या. दोनशे तेरा. एक कमी नाही."

मी वेदिकाला वरण-भात भरवत होते. दारातूनच पाहिलं. खाली आकडा दिसला, दोनशे तेरा. नावं, तारखा ओळीने लागलेल्या. म्हटलं, झालं. एकही मेल उघडून पाहिला नाही. गोरक्ष जुना कॉम्प्युटर स्कूटरच्या पायाशी ठेवून घेऊन गेला.

मंगळवारी दुपारी वेदिका झोपली. सिंकमध्ये भांडी पडली होती, ती पडू दिली. दादांची खुर्ची टेबलाशी आणली आणि म्हटलं, "चला, तुमचेच मेल तुम्हाला वाचून दाखवते."

पहिला उघडला. इंग्रजी अक्षरं, त्यात कंस, तिरप्या रेघा, टक्क्याची चिन्हं. जसं कुणी कीबोर्डवर बसून उठलं असावं. दुसरा तसाच. पन्नासावा तसाच. शेवटचा, झटक्याच्या आदल्या दिवसाचा, तोही तसाच.

मी गोरक्षला फोन लावला.

"फॉन्ट, ताई," तो म्हणाला. "मराठीचा फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर होता. मेल आले, फॉन्ट राहिला. तुम्ही एक उघडून बघायचा ना."

"तू बघायचा ना!"

"मला काय माहीत दादा मराठीत लिहितात. मराठीत कोण मेल करतं?"

"मग तो फॉन्ट आण आता."

"ताई, मी तो कॉम्प्युटर साफ करून चांदवडला एका क्लासला दिला काल. पुसलं सगळं. फॉन्ट कुठला होता, नाव सांगा, शोधतो की."

नाव मला कुठलं माहीत. दादांनीच मनमाडच्या एका दुकानातून सीडी आणून आमच्याकडे टाकून दिला होता, ते दुकान कधीच बंद झालं. मी फोन ठेवला. रडायला हवं होतं, पण तेवढाही जोर नव्हता अंगात. नुसती बसून राहिले. डोळे मिटत होते. दादा शेजारी स्क्रीनकडे बघत होते आणि घशातून काहीतरी आवाज काढत होते.

"नाही हो दादा, गेलं ते. माझ्याच हाताने गेलं."

आवाज वाढला. डावा हात टेबलावर आपटायला लागला. वेदिका जागी होईल म्हणून मी तो हात धरला, तर लक्षात आलं, ते आपटणं नव्हतं. बोटं वेगवेगळी पडत होती. आधी हे, मग ते. नजर स्क्रीनवर, पहिल्या ओळीच्या सुरुवातीला.

मी पाहिलं. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला तीच दोन अक्षरं होती. मी कीबोर्ड ओढला, त्यावर बोटं ठेवली, वर न बघता ती दोन अक्षरं दाबली. दादांच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं टायपरायटरच्याच जागांवर असणार. पहिलं डाव्या पहिल्या बोटाखाली. वेलांटी. टायपिंगमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हे दादांनी मला फूटपट्टी हातात घेऊन शिकवलेलं. मग च.

चि.

पुढचं माझं नाव असणार. होतंच. मग मी एकेक अक्षर स्क्रीनवरून बघायचं आणि त्या जागी बोट ठेवायचं, की बोट सांगायचं काय आहे ते. डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. "वि-ष-य... विषय... गॅसचा नंबर..." एका ओळीला पाच मिनिटं. दादा मान हलवत होते. मध्ये एका शब्दावर मी अडले तर त्यांनी माझा हात चक्क बाजूला लोटला आणि स्वतःचं डावं बोट कीबोर्डवर आणलं.

मला वाटलं तोच शब्द दाखवताहेत. पण बोट थांबेना. एकच बोट, तेही थरथरतं. दोनदा शेजारचं बटण दाबलं गेलं, तर चिडून खोडलं. मी चटकन कोरं पान उघडून दिलं. पाटीवर रेघ सरळ जात नव्हती त्यांची. इथे रेघ ओढायचीच नव्हती, जागा माहीत असली की पुरे. आणि जागा तेहेतीस वर्षं माहीत होत्या. आठ महिन्यांत हे एकदाही मला सुचलं नाही. दहा बोटांनी लिहिणारा माणूस, उजवा हात गेला म्हणजे टायपिंग गेलं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मी बोटांनी वाचलं. अंघोळीचं पाणी फार गरम असतं.

"काय?"

त्यांनी पुन्हा तिथेच बोट आपटलं. गरम. गरम.

भिकन म्हणून एक मामा रोज सकाळी त्यांना अंघोळ घालायला येतात. दादा रोज ओरडतात. मला वाटायचं, परक्या माणसासमोर उघडं बसायची लाज. म्हणून मी बाहेरून म्हणायचे, "मामा, लवकर उरका," आणि मामा अजून एक तांब्या भरभर ओतायचे. रोज. आठ महिने.

"दादा, अहो..." मी वळून पाहिलं, तर ते हसत होते. तोंड एकाच बाजूने हसतं त्यांचं, पण हसत होते. लगेच पुढे लिहायला लागले. आता त्यांना कुणी थांबवू शकत नव्हतं. भिकन तंबाखू खातो. वास येतो. जावईबापू चांगला आहे. बातम्यांचा आवाज वाढवा. मी बोटं टेकवत वाचत होते आणि मान हलवत होते. "हो. सांगते. हो, वाढवते. शेखरला सांगू का हे? नको? बरं."

तीन वाजता वीज गेली. भारनियमनात आमच्या भागाचा नंबर तीनचा. स्क्रीन काळी झाली. लिहिलेलं काहीच ठेवलं नव्हतं, तेही गेलं.

दादांनी वर बघितलंही नाही. बोट चालूच होतं त्यांचं. मी म्हणणार होते, अहो, वीज नाही, काही उमटत नाहीये. पण मी त्यांच्या बोटाकडे बघत होते आणि बोट कुठे पडतंय ते मला दिसत होतं. डावं मधलं बोट जिथे असतं तिथे क. उजवं मधलं असतं तिथे काना. हळूहळू, चुकत, मागे येत.

काल रात्री किती वेळा उठलीस?

"चार," मी म्हणाले. "नाही, पाच."

बोट पुन्हा फिरलं. झोप जरा. मी इथे बसलोय.

"वेदिका उठली तर?"

ओरडेन, त्यांनी लिहिलं.

मला हसू फुटलं. मी टेबलाखाली वाकून कीबोर्डची वायर काढली आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. तिथेच सतरंजीवर आडवी झाले. पंखा बंद होता, उकडत होतं. डोक्याशी बटणांची टकटक चालू होती. काय लिहीत होते कोण जाणे. उठल्यावर विचारीन म्हटलं.