लेस्टरसाठी घेतलेली तीनचाकी

लेस्टरची बाइक आडवी झाली ती ऑस्ट्रेलियातल्या मालांडा गावच्या बेकरीसमोर, शनिवारी सकाळी, अर्धं गाव पाव घ्यायला आलेलं असताना. ती धावत असती तर गोष्ट वेगळी. हा थांबला, डावा पाय टेकवला आणि त्या पायाच्या गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला. एवढं मोठं धूड हळूहळू, डुलकी लागल्यासारखं कलंडलं. मागे बसलेली त्याची बायको कोरल कशीबशी बाजूला झाली. लागलं कोणालाच नाही, पण बाइक उचलायला बेकरीवाली आणि तिची बहीण पिठाच्या हातांनी धावत आल्या. वर बेकरीवाली म्हणाली, "आजोबा, आता जपायला हवं हं."

घरी आल्यावर लेस्टरनं बाइक शेडमध्ये लावली आणि दार ओढून घेतलं. तो चौऱ्याहत्तरचा, कोरल एकाहत्तरची. गाई विकून दुधाचा धंदा बंद केल्यापासून त्या दोघांचं सुख म्हणजे ती बाइक. उन्हं चढली की हेल्मेटं चढवायची आणि निघायचं. हा पुढे, ती मागे. लग्न झाल्यापासून हेच.

"विकून टाकतो," दोन दिवसांनी तो चहाचा कप बघत म्हणाला.

"विकून करणार काय? बागेत बसून लिंबं मोजणार?"

"मग काय करू? दर थांब्याला उचलायला दोन बायका सोबत घेऊन फिरू?"

कोरलनंच मग तीनचाकीचं काढलं. मोठ्या बाइकचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं बसवलेली, थांबली तरी पाय टेकवायला नको अशी. तिकडचे म्हातारे बाइकवाले अखेरीस तिच्याकडेच वळतात. लेस्टरनं नाक मुरडलं. "तीनचाकी? तीनचाकी तरी कशाला म्हणायचं, सरळ पांगुळगाडा म्हणा की." पण त्याच संध्याकाळी तो चष्मा लावून जाहिराती बघत बसलेला तिनं पाहिला, आणि न बघितल्यासारखं करून ती बटाटे सोलायला गेली.

घाटाखाली इनिसफेलच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, एकाची विकायला होती. जुनी, पण नीट राखलेली. गुरुवारी दोघं निघाले. सोबत क्लेम. क्लेम म्हणजे लेस्टरचा जुना सोबती, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. बेत असा, की लेस्टर नवी गाडी चालवत घरी आणणार, क्लेम मागून यांची कार आणणार आणि कोरल कोणाबरोबर बसायचं ते तिचं ती ठरवणार.

"माझ्याबरोबर बस गं," क्लेम घाट उतरताना म्हणाला. "याच्या मागे चाळीस-पन्नास वर्षं बसलीस, दिसलं काय? याचं मानगूट."

"मानगूट बरं होतं तेव्हा," कोरल म्हणाली.

खाली ऊसतोडणी जोरात होती. कारखान्याची बुटकी रेल्वे उसानं भरलेल्या वाघिणी ओढत रस्ता ओलांडत होती, तिच्यासाठी थांबावं लागलं. त्या पलीकडेच तीनचाकी विकणाऱ्या आल्फियोचं घर. खांबांवर उभं, चहूकडून उसानं वेढलेलं. आल्फियो अठ्ठ्याहत्तरचा, ठेंगणा, हात मात्र कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. त्याचे आईवडील सिसिलीतून ऊस तोडायला आले ते इथलेच झाले. तो त्यांना घेऊन शेडकडे गेला आणि एक जुनी फुलाफुलांची चादर ओढली. खाली गडद लाल रंगाची तीनचाकी उभी होती, आरशासारखी स्वच्छ.

लेस्टर तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. कोरलनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं, नाक मुरडणं संपलं.

"तुम्ही का विकताय?" क्लेमनं विचारलं. "काही खोट?"

"खोट माझ्या डोळ्यांत आहे," आल्फियो म्हणाला. "एका डोळ्यानं रस्ता दिसत नाही, दुसऱ्यानं अंदाज येत नाही. डॉक्टरनं लायसन्स काढून घेतलं. पण एक सांगतो. चालवून दाखवल्याशिवाय मी कोणाला देत नाही. दोघांना परत पाठवलंय."

"अहो, मी सोळाव्या वर्षापासून बाइकवर आहे," लेस्टर हसत म्हणाला.

"तीच तर भीती आहे," आल्फियो म्हणाला.

त्याच्या अंगणाला फेरी मारण्याइतकी जागा होती. शेडपासून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, घराच्या मागून परत. लेस्टर बसला, गाडी सुरू केली, इंजिनचा आवाज ऐकून मान डोलावली. सरळ रेषेत उत्तम गेला. टाकीपाशी वळायची वेळ आली आणि त्यानं जन्मभर जे केलं तेच केलं. अंग झुकवलं. दोनचाकी झुकते नि वळते. ही झुकली नाही. नाकासमोर चालत राहिली, अगदी टाकीच्या अंगावर. शेवटच्या क्षणी त्यानं हँडल ओढलं, वळण कसंबसं घेतलं, थांबताना सवयीनं पाय खाली टेकवला.

"पाय वर!" आल्फियो ओरडला. "मागचं चाक टाचेवरून जाईल!"

दुसऱ्या फेरीत तो आणखी ताठला. तिसऱ्या फेरीत घराच्या मागून आवाज आला. आधी काठ्या मोडल्याचा, मग लेस्टरच्या शिव्यांचा. सगळे धावले. तीनचाकी टोमॅटोच्या वाफ्यात उभी होती, पुढच्या चाकाला वेल गुंडाळलेला, आणि लेस्टर तिच्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

"खरेदी करायला आलास की भाजी तोडायला?" क्लेम म्हणाला.

लेस्टर हसला नाही. तो उतरला, आल्फियोची माफी मागितली, टोमॅटोचे पैसे देऊ केले आणि म्हणाला, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. चला." आणि कारकडे चालू लागला. चालताना त्याचा डावा पाय ओढत होता. घरात तो हे दडवायचा, इथं त्याला दडवायचं भान नव्हतं. क्लेमही त्याच्या मागे गेला.

आल्फियोची बायको नुन्त्सिया कॉफीचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी होती. तिनं वाफ्याकडे पाहिलं. "राहू दे, टोमॅटो पुन्हा येतात," ती कोरलला म्हणाली. मग ट्रे पायरीवर ठेवून आवाज खाली आणत म्हणाली, "मी यांच्या मागे कितीतरी हिंडले हो. एकदा म्हटलं, मला चालवून बघू दे. तर म्हणाले, पुढच्या वर्षी. मग माझी कंबर गेली, आता यांचे डोळे. ते वर्ष काही आलं नाही."

"तुम्ही पुन्हा विचारलं नाही?"

"नाही ना. तेच चुकलं."

कोरल कॉफी हातात घेऊन वाफ्यातल्या त्या लाल गाडीकडे बघत राहिली. मुलं व्हायच्या आधी, आथरटनच्या इस्पितळात नर्स असताना, ती स्वतः एका लहानशा बाइकवर ड्यूटीला जायची. पहाटेचं धुकं, थंडीनं बधिर झालेली बोटं, आणि रस्ता सगळा एकटीचा. पहिल्या बाळंतपणात ती बाइक विकली. लायसन्स मात्र प्रत्येक वेळी नवं करून घेत राहिली. का, ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आणि आता मनात जे आलं, ते तिनं ओळखलं. हेवा म्हणतात तसलंच काहीतरी होतं ते.

तिनं कप खाली ठेवला.

"आल्फियो," ती म्हणाली, "मी एक फेरी मारू?"

आल्फियोनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं गाडी वाफ्यातून मागे घ्यायला वाकला.

"बाई, एकच लक्षात ठेवा," तो म्हणाला. "झुकायचं नाही. जिकडे जायचं तिकडे हँडल वळवायचं. आणि पाय वरच ठेवायचे, घर पेटलं तरी."

पहिल्या फेरीत कोरल इतकी हळू गेली, की कुत्रं शेजारून चालत होतं. टाकीपाशी तिनं हँडल वळवलं. गाडी वळली. एवढंच. तिचं अंग झुकायचं विसरून गेलेलं होतं, तिला झगडायला काही नव्हतं. दुसऱ्या फेरीत कुत्रं मागे पडलं. तिसऱ्या फेरीत तिला आपण तोंड उघडं टाकून हसतोय हे कळलं, कारण दातांना वारा लागला.

ती शेडपाशी थांबली तेव्हा लेस्टर कारच्या दाराला टेकून उभा होता. पाहत होता.

"पाय नाही टेकवलास," तो म्हणाला.

"नाही."

"हं."

"लेस्टर, मला हवीय ही."

त्यानं कारचं दार लावलं आणि शेडकडे चालत आला.  रागावला असता तर कोरल समजू शकली असती. खोटं हसला असता तर मात्र तिला सहन झालं नसतं. अखेर तो आल्फियोला म्हणाला, "हिला देताय का मग? की परत पाठवताय?"

"हिला देतो," आल्फियो म्हणाला. "तुम्हाला नसती दिली."

घासाघीस झाली नाही. लेस्टरचे पैसे क्लेमनं ओट्यावर मोजून दिले, आणि नुन्त्सियानं आपलं कातडी जाकीट आणून कोरलच्या अंगात चढवलं. खांद्याला जरा सैल होतं. "असू दे तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि बटणं स्वतः लावली.

निघताना कोरलनं मागच्या सीटवर थाप मारली. लेस्टरनं मान हलवली. "मी क्लेमबरोबर येतो. तुला आधी हात बसू दे." ते खरंही होतं आणि खरं नव्हतंही. तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

परतीचा पामरस्टन घाटाचा रस्ता वर चढू लागला तशी ती एकटी पुढे होती आणि कार मागे. दोन्ही बाजूंना दाट ओलं रान. पहिली दोन वळणं तिनं श्वास रोखून घेतली, नंतर श्वास आपोआप सुरू झाला. आरशात क्लेमचा हात सारखा हलताना दिसत होता, म्हणजे तो बोलत होता. शेजारी लेस्टर ताठ बसून तिच्याकडे बघत होता, प्रत्येक वळणाला तिच्याऐवजी स्वतःच झुकत.

अर्ध्या वाटेत, गाड्या थांबायला मोकळी जागा होती तिथं ती थांबली. हात जरा भरून आले होते. मागून कार थांबली, दार उघडलं आणि लेस्टर हेल्मेट हातात घेऊन उतरला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"त्याच्या बसमधला प्रत्येक पोरगा पुढे काय झाला ते सांगतोय. आडनावांसकट." त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "सरक पुढे."

"मी पुढेच आहे."

"मग नीट बस."

चढताना त्याला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तो जड होता, आणि आपले हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. आधी मागच्या दांडीला धरलं, मग तिच्या कमरेला.

"तू एवढी वर्षं कुठं धरायचीस?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पट्ट्याला. आणि तू ब्रेक उशिरा मारायचास तेव्हा देवाला."

सुरुवातीला तो गप्प बसेना. गिअर बदल. आता नको. ट्रक येतोय. दिसला मला. बाजूला घे. घेतेय ना रे! मग हळूहळू सूचना विरळ झाल्या, आणि एका लांब चढावर पूर्ण थांबल्या. तिला वाटलं झोप लागली की काय. तेवढ्यात त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि डावीकडे बोट केलं. तिनं वेग कमी केला.

रानातून कॅसोवरी, तो शहामृगासारखा न उडणारा पक्षी, बाहेर येत होता. काळा, माणसाच्या छातीइतका उंच, निळी मान, डोक्यावर तुरा. बाप होता तो; मागे तीन पट्टेरी पिल्लं. कोरलनं गाडी पार थांबवली. पाय वरच ठेवले. पक्ष्यानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांच्याकडे एका डोळ्यानं रोखून पाहिलं, आणि मग आपल्याच जमिनीवरून चालल्यासारखा पिल्लं घेऊन पलीकडे उतरला. शेवटचं पिल्लू कडेला अडखळलं, धडपडून उठलं आणि दिसेनासं झालं.

"मला दिसलाच नसता," कोरल म्हणाली.

"तुझी नजर रस्त्यावर. तशीच हवी." जरा थांबून तो म्हणाला, "कोरल, या रस्त्यावरून मी किती वेळा गेलोय. रान एवढं उंच आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

 तिनं गाडी सुरू केली.

पुढे तो शिकला, नाही असं नाही. जत्रेच्या मैदानावर रविवारी सकाळी डबे मांडून तो वळणं घेत बसायचा आणि कोरल कठड्यावर बसून "झुकू नकोस!" ओरडायची. महिन्याभरात क्लेमच्या घरापर्यंत एकटा जाऊन येण्याइतका तयार झाला. पण रस्ता लांबचा असला, की तो आपणहून मागच्या सीटकडे जायचा. जुनी बाइक त्यानं शेजारच्या मिलामिला गावातल्या एका शाळामास्तरणीला विकली. ती बाइक घेऊन गेल्यावर तो शेडमध्ये थोडा वेळ एकटाच उभा राहिला, आणि नंतर त्या मोकळ्या जागेत कोरलसाठी हेल्मेटाचं फडताळ ठोकून दिलं.

बाइकवाल्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी अर्थातच सोडलं नाही. "काय रे, बायकोच्या मागे बसून कसं वाटतं?" एकानं विचारलं.

"गुडघा सरळ करता येतो," लेस्टर म्हणाला. "आणि सँडविच खाता येतं. तुझी बायको नेते का तुला? नाही ना? मग?"

परवा रात्री जेवण झाल्यावर त्यानं टेबलावर नकाशा पसरला आणि बोट उत्तरेकडे, पार वर नेलं.

"कुकटाउन," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? केवढं लांब आहे ते."

"मला काय, मी मागे बसणार."

कोरलनं भांडी पुसायचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं, आणि ताटं त्याच्यापुढे सरकवून स्वतः नकाशाशी खुर्ची ओढून बसली.