चारशे सतरा नंबरची मादी

सुनेत्रा नेपरव्हिलहून रोज सकाळच्या ट्रेनने शिकागोला, मराठी मंडळातल्या ओळखीच्या त्र्यंबककाकांच्या लॅबमध्ये जायची. काका पेंग्विनांचे अभ्यासक. दर ऑक्टोबरला ते अंटार्क्टिकाला जात आणि फेब्रुवारीअखेर वह्यांची पेटी घेऊन परतत. नागपूरला स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या सुनेत्राला अमेरिकेत दोन वर्षं कोणी दारात उभं केलं नव्हतं. काकांनी नोकरी दिली. त्यांच्या गणपतीचे मोदक तीच वळायची.

वह्यांमध्ये नंबराची पट्टी बांधलेल्या पेंग्विनांच्या नोंदी असत. नर आधी येतो, जुन्या जागी खडे रचून घरटं करतो. मादी मागून येते, आणि गेल्या वर्षीचा जोडीदार भेटला तर बहुधा त्याच्याशीच जमतं. तरी पुष्कळ जोड्या मोडायच्या. पिल्लं जगली नाहीत की मोडतात, असं काकांचं मत होतं. सुनेत्राने सहा वर्षांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या, नाना तऱ्हांनी लावून पाहिल्या. १९८५च्या मे महिन्यात तिच्या लक्षात आलं, की खरा संबंध तारखांशी आहे. नर चार-पाच दिवस उशिरा आला की मादी शेजाऱ्याशी घरोबा करते. अंडी, पिल्लं, पिल्लांना पोहण्याजोगे पंख, सगळं तिथल्या उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत उरकायचं असतं.

“ती रागावून जात नाही, काका,” ती म्हणाली. “तिला थांबणं परवडत नाही.”

काका बराच वेळ प्रिंटआउट बघत बसले. “पेपर दोघांच्या नावाने काढू,” म्हणाले.

पुढच्या वर्षी मंडळाने गुढीपाडव्याला शाळेच्या हॉलमध्ये काकांचा स्लाइड शो ठेवला. खडे चोरणाऱ्या पेंग्विनांना लोक पोट धरून हसले. मग काकांनी जर्नलचा नवाकोरा अंक उंच धरला. “हा माझा शोध. मादी रागावून जात नाही. तिला थांबणं परवडत नाही.”

अंक हातोहात फिरत सुनेत्रापर्यंत आला. पेपरवर नाव एकच होतं. शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार होते, काळजीपूर्वक टायपिंग केल्याबद्दल.

ती उभी राहिली. “काका, चारशे सतरा नंबरच्या मादीचं काय झालं?”

“वही बघावी लागेल.”

“तुमच्या टेबलात आहे ती. त्या मादीचा जुना नर सहाव्या दिवशी आला. नव्याला सोडून ती त्याच्याकडे परत गेली. त्या भांडणात अंडी उशिरा झाली आणि पिल्लांना पंख फुटायच्या आत थंडी आली. दोन्ही गेली.”

काका हसले. “पाहिलंत? ही आमची सुनेत्रा. घरचीच मुलगी. टायपिंग करता करता सगळं पाठ झालंय तिला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर तिचा नवरा गिरीश म्हणाला, “चारचौघांत विचारायची काय गरज होती?”

“त्यांनी माझं नाव गाळलं, गिरीश.”

त्याने वायपर लावले. बाहेर एप्रिलातही भुरभुर बर्फ पडत होतं. “मला माहीत होतं,” तो म्हणाला. “गणपतीतच त्यांनी मला विचारलं होतं. सिंगल ऑथर असेल तर ग्रँटला बरं पडतं म्हणाले. मी म्हटलं, तिला काही वाटणार नाही.”

काकांचं तिला नवल वाटत नव्हतं, ते हावरे होते हे तिला आता दिसत होतं. पण आपल्या वतीने हो म्हणून टाकणारा माणूस शेजारी बसून गाडी चालवत होता.

सोमवारी तिने लॅबची किल्ली परत केली आणि जर्नलला आपल्या कामाच्या तारखांसकट पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: आपण तांत्रिक मदतनीस होतात असं पेपरचे लेखक कळवतात, आमच्या बाजूने विषय संपला. तिने एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायला घेतलं आणि मंडळात जाणं सोडलं.

गिरीशला तिने सोडलं नाही. ती कॉलेजातून आली की तो रोज विचारायचा, “आज काय झालं?” ती “ठीक” म्हणायची आणि कुकर लावायची. आपल्या कामाचं त्यापुढे तिने त्याला कधी काही सांगितलं नाही.