कोहळ्याचा वास

मोटरसायकल तापली की अश्लेषाच्या पोटरीला पँटमधूनही चटका बसायचा, आणि वर तो वास. करपलेल्या भाजीवर गूळ सांडावा तसा. हेब्बाळच्या ऑफिसातून शिवाजीनगरला घरी येईतो नाकाला ओढणी बांधावी लागे. दसऱ्यातल्या आयुधपूजेआधी गाडी अशी नव्हती.

सासऱ्यांचं, मुकुंदरावांचं निदान मात्र गाडीकडे न बघताच तयार होतं. "हाफ क्लचवर चालवतीस तू. बाईमाणसाच्या हातात इंजिन टिकत नाही, स्वल्प समजून घे." रविवारी सकाळी त्यांनी किल्ली आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशात टाकली आणि निकाल दिला: आज दोष सापडला नाही तर उद्यापासून बस. निपाणीत बापाच्या गॅरेजात वाढलेल्या अश्लेषाला बसचं काही वाटत नव्हतं. पण हा ठपका घेऊन जन्मभर मागच्या सीटवर बसायचं, हे तिला मान्य नव्हतं.

तिने दारातच गाडी मधल्या स्टँडवर घेतली. ऑइल पुरेसं होतं आणि त्याला जळका वास नव्हता. क्लचच्या दांडीला हवी तेवढी ढील होती. मागचं चाक हाताने फिरवलं, ब्रेक कुठेच घासत नव्हता. म्हणजे क्लचचा दोष नव्हता आणि तिचाही नव्हता. मग हे तापतंय कशाने?

टाकीखाली टॉर्च धरला तेव्हा दिसलं. इंजिनाभोवती धातूच्या पातळ फिन असतात, त्यांच्या फटींतून वारा जातो आणि इंजिन गार राहतं. इथे एक फट उघडी नव्हती. काळपट लाल लगदा गच्च बसला होता. तिने स्क्रूड्रायव्हर घातला. वरची खपली तुटली आणि आतून चिकट, धाग्याधाग्याचा गर बाहेर आला. त्यात बिया, कुंकू आणि झुरळांचे पाय. शी! महिनाभर ती हे मांडीखाली घेऊन फिरत होती.

आयुधपूजेला कोहळ्यात कुंकू आणि नाणी भरून तो चाकापुढे रस्त्यावर फोडतात. मुकुंदरावांनी इंजिनावर फोडला होता, कारण रस्त्यावरची नाणी येणारेजाणारे उचलतात. आणि ती पाण्याची बादली घेऊन आली तेव्हा ते ओरडले होते, "धू नकोस, पूजेचं आहे ते!" तेव्हा गप्प बसल्याचा तिला आता त्या लगद्याइतकाच तिटकारा आला.

एवढ्यात शेजारचे आप्पाजी नाक दाबत दारात आले. "काय हो अण्णा, काय मेलंय इथं?"

"सुनेनं गाडी बघा किती घाण ठेवलीय," मुकुंदराव पायरीवरून म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

अश्लेषाने शेवटच्या फटीतून काहीतरी कडक ओढून काढलं. नाणं होतं, लगद्यात लडबडलेलं. ती उठली, पायरी चढली आणि ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमचं, मामा. कोहळ्यात घातलेलं. त्याचा गर अडकल्यानंच गाडी तापायलीय."

नाणं पूजेचं, म्हणून ते डोळ्यांना लावायला त्यांचा हात सवयीने वर गेला. मध्येच वास नाकात शिरला. नाणं टाकून ते गटाराकडे तोंड करून ओकाऱ्या काढू लागले. आप्पाजी दोन पावलं मागे सरले आणि हसू दाबत म्हणाले, "सरी, ठीक आहे अण्णा. दोष सापडला म्हणायचा."

मुकुंदराव डोळे पुसत उभे राहिले. किल्लीचं नाव काढायला तयार नव्हते. अश्लेषाने दोन काळी, चिकट बोटं सरळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि किल्ली काढून घेतली.

शुभ्र कापडावर लाल-काळे पट्टे उमटले. मुकुंदराव पाण्याच्या तांब्याकडे धावले.

"धुऊ नका, मामा," ती म्हणाली. "पूजेचं आहे ते."